जुन्या सिटी व्हीटेकला प्लग वायर कोणत्या घ्यायच्या? जाडी राहू द्या, रबर आणि बूट बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. 2002 ची होंडा सिटी 1.5 व्हीटेक, चाळीसगावहून कन्नड घाट चढताना गिअर खाली टाकून जोरात पाय दिला की चार हजार आरपीएमच्या पुढे मिसिंग मारते, म्हणजे इंजिन मधेमधे अडखळतं, पहिल्या पावसात सकाळी स्टार्ट केल्यावर थोडा वेळ थरथरते, प्लग नवीन टाकले तरी फरक नाही आणि तुमचे मेकॅनिक म्हणताहेत वायर बदला. आता तुमच्यासमोर तीन सेट आहेत, एक कंपनीचा जो महाग आहे, एक दुकानदाराने दाखवलेला बिननावाचा स्वस्तातला, आणि एक ऑनलाइन दिसलेला लाल रंगाचा 10 एमएम जाडीचा, ज्यावर झिरो रेझिस्टन्स आणि रेसिंग असं लिहिलंय. जाड वायरने पिकअप वाढतो का आणि यातलं काय घ्यायचं, एवढंच तुम्ही विचारलंय.

आधी थेट उत्तर देतो. इंजिन कंपनीतून आलं तसंच असेल तर कंपनीचा सेट घ्या, किंवा एनजीके, डेन्सोसारख्या ब्रँडचा याच इंजिनसाठी बनवलेला सेट मिळाला तर तो घ्या. लाल सेट नको. बिननावाचा तर अजिबात नको. आणि पिकअप वाढणार नाही, पण मिसिंगमुळे जो गेलाय तो परत येईल, आणि खरं सांगू का, व्हीटेकचं इंजिन शंभरच्या वर हॉर्सपॉवरचं आहे, ते पूर्ण परत आलं तरी तुम्हाला गाडी नवी झाल्यासारखी वाटेल. आता असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण कारण कळलं नाही तर उद्या दुसरा कोणी तुम्हाला दुसरंच काहीतरी विकेल.

मी जळगावात पेट्रोल गाड्यांचंच काम करतो, त्यातही जुन्या जोरदार गाड्या जास्त येतात, व्हीटेक, आयकॉन 1.6, पालिओ 1.6, बलेनो, लान्सर. या गाड्यांचे मालक जिवापाड जपतात गाडीला आणि खर्चाला मागे हटत नाहीत, म्हणूनच त्यांना चुकीची वस्तू विकणं सोपं जातं, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

मूळ प्रश्न वायरचा नाहीच, प्रश्न असा आहे की करंट प्लगपर्यंत पोचतोय की वाटेतच कुठेतरी पळून जातोय. कॉइल, म्हणजे बॅटरीच्या बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करणारा भाग, जेव्हा करंट मारते तेव्हा ती काही ठरावीक व्होल्टेज देत नाही. व्होल्टेज वर वर चढत जातं आणि प्लगच्या गॅपमध्ये ठिणगी पडली की तिथेच थांबतं. गाडी उभी असताना आयडलवर कमी व्होल्टेजमध्ये काम भागतं, पण तुम्ही घाटात पाय पूर्ण दाबला की सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो, आणि त्याच गॅपमधून ठिणगी टाकायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं, वीस हजार, त्याच्याही वर. आपल्या इकडे ठिबक सगळ्यांना माहिती आहे, नळीचं शेवटचं टोक बंद करून प्रेशर वाढवलं की जिथे नळी चिरलेली असेल तिथून पाणी उडतं, कमी प्रेशरला तीच नळी चांगली वाटते. तुमच्या गाडीचं तेच होतंय. सपाट रस्त्याला ठीक, घाटात मिसिंग, म्हणजे जास्त व्होल्टेजला कुठेतरी रबर हार मानतंय आणि करंट इंजिनच्या बॉडीला अर्थ होतोय.

यातून एक गोष्ट निघते जी विकणारे कधी सांगत नाहीत. ठिणगी पडायच्या आधी वायरमधून करंट जवळपास वाहतच नाही, त्यामुळे तोपर्यंत वायरचा रेझिस्टन्स दहा हजार ओहम असला काय आणि शंभर असला काय, प्लगच्या टोकाला व्होल्टेज तेवढंच चढतं. ठिणगी पडल्यावर करंट वाहतो, पण तो मिलिअँपिअरमध्ये, समजा 50 मिलिअँपिअर धरा आणि वायर 10 किलोओहमची धरा, तर वायरमध्ये 500 व्होल्ट जातात. थोडी ऊर्जा तिथे खर्च होते हे खरं, पण कंपनीने कॉइल बनवताना हा हिशोब धरूनच बनवलेली असते. शिवाय तुमच्या प्लगच्या नंबरात आर हे अक्षर असेल तर त्या प्लगच्या पोटातच साधारण 5 किलोओहमचा रेझिस्टर आहे, मग वायर झिरो ओहमची आणून उपयोग काय. म्हणून रेझिस्टन्स कमी असणं हा निवडायचा मुद्दाच नाही. मुद्दा आहे रबर किती चांगलं, बूट, म्हणजे वायरच्या टोकाची प्लगवर बसणारी रबरी टोपी, किती घट्ट आणि तिच्या आतलं टर्मिनल, म्हणजे धातूची क्लिप, प्लगवर कसं बसतं.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते वस्ताद अहिराणीत एकच सांगायचे, पहिले रबर देख, तार मंग देखजो. आजही मी त्याच क्रमाने बघतो.

आता वायरच्या आतली तार. बाजारात तीन जाती आहेत. पहिली म्हणजे सरळ तांब्याची तार, जुन्या पॉइंट-कंडेन्सरच्या गाड्यांना चालायची, पद्मिनीसारख्या. तिच्यात रेझिस्टन्स नसतो म्हणून ती चालताना एखाद्या छोट्या ट्रान्समीटरसारखी गडबड हवेत सोडते, रेडिओत करकर येते ती हीच. तुमच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर आहे, आणि या पिढीच्या होंडात ईसीयूला टायमिंग सांगणारे सेन्सर डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे चारही प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाच्या, पोटातच असतात, म्हणजे वायर जिथून निघतात त्याच्या बोटभर अंतरावर. तिथे अशी गडबड झाली की ईसीयू चुकीचं वाचू शकतो आणि मग असं मिसिंग येतं जे कुठल्याच टेस्टमध्ये सापडत नाही. युरोपियन गाड्यांत तांब्याची तार असते हे मला माहिती आहे, पण तिथे रेझिस्टर दोन्ही टोकांच्या कनेक्टरमध्ये बसवलेला असतो, ती वेगळी रचना आहे, नुसती तार नाही.

दुसरी जात कार्बनची, म्हणजे फायबरग्लासच्या दोऱ्यावर कार्बन चढवलेला. अनेक जुन्या गाड्यांना कंपनीतून हीच आलेली. गडबड चांगली दाबते, स्वस्त असते, पण वायर धरून ओढली किंवा जोरात वाकवली की आतला कार्बन तुटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तिसरी जात वाइंडिंगची, दोऱ्याच्या गाभ्यावर बारीक तारेचे वेढे दिलेले असतात, रेझिस्टन्स कार्बनपेक्षा कमी आणि गडबड दाबण्याचं काम ते वेढे करतात. ही सगळ्यात टिकाऊ. चांगल्या ब्रँडच्या सेटवर हे लिहिलेलं असतं, आणि तुम्हाला कंपनीचा सेट सोडून काही घ्यायचंच असेल तर ही जात घ्या.

जाडीचं सांगतो. 7 एमएम, 8 एमएम, 10 एमएम हा आकडा बाहेरच्या रबराचा आहे, तारेचा नाही. 10 एमएमच्या आत तार तेवढीच बारीक असते. रबर जाड असेल आणि चांगल्या सिलिकॉनचं असेल तर इन्सुलेशन चांगलं, हे मान्य, पण सिलिकॉन चांगलं असेल तर 7 एमएमसुद्धा तुमच्या गाडीला भरपूर झालं. उलट जाड वायर कंपनीच्या क्लिपमध्ये बसत नाहीत, मग लोक क्लिप काढून टाकतात आणि चारही वायर टायने एकत्र बांधतात. एक व्हीटेक माझ्याकडे असाच जाड लाल सेट टाकून आलेली, भुसावळहून. मालक म्हणाले सेट नवीन आहे, वायर सोडून काहीही बघा. पण मी आधी तेच सोडवलं. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2 आहे, म्हणजे 3 नंतर लगेच 4 ला करंट जातो आणि 2 नंतर 1 ला, आणि हे सिलिंडर एकमेकांच्या शेजारचे. त्यांच्या वायर हातभर लांबीत एकमेकींना चिकटून गेल्या की एकीतला करंट दुसरीत थोडा ओढला जातो आणि ज्या सिलिंडरची पाळी अजून आली नाही तिथे अवेळी ठिणगी पडू शकते. त्या गाडीच्या वायर टाय कापून वेगळ्या केल्या तरी मिसिंग पूर्ण गेलं नाही, कारण दुसरा दोष बुटांचा होता. आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

तुमच्या इंजिनाचे प्लग टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, मधोमध खोल नळ्यांमध्ये बसलेत. त्यामुळे वायरच्या टोकाला लांब बूट लागतो, आणि त्याच्या वरच्या तोंडाला एक रबरी झाकण असतं जे नळीचं तोंड बंद करतं. हे झाकण नीट बसलं तर आत पाणी, धूळ काही जात नाही. त्या लाल सेटचे बूट सगळ्या गाड्यांना चालतील अशा मापाचे होते, झाकण नळीवर नुसतं टेकलेलं, बोटाने हलायचं. बूट ओढून काढला तर आत धुळीचा आणि ओलीचा पातळ चिखल. प्लग बाहेर काढून उन्हात धरला तर पांढऱ्या चिनीमातीवर वरून खाली एक बारीक काळी रेघ दिसली, शिसपेन्सिलने ओढल्यासारखी, आणि बूट चिरून बघितला तर आतल्या बाजूला अगदी तिच्यासमोर तशीच दुसरी रेघ. ही करंटने जाळून केलेली वाट. एकदा पडली की पुसून जात नाही, आणि नवीन प्लगवर जुना बूट टाकला तर काही दिवसांत नवीन प्लगवरही तीच रेघ उमटते. तुम्ही प्लग बदलूनही फरक पडला नाही त्याचं कारण बहुतेक हेच असावं. म्हणून तुमचे नवीन प्लग काढून ती रेघ शोधा, सापडली तर वायर आणि तो प्लग दोन्ही एकाच वेळी बदला, एक ठेवून एक नाही.

आणि नळीत तेल दिसतंय का तेही बघा. या इंजिनात टॅपेट कव्हरच्या नळ्यांना गोल रबरी सील असतात, ते वयाने कडक झाले की इंजिन ऑइल प्लगच्या खड्ड्यात उतरतं आणि बूट त्यात भिजत राहतो. तेलात भिजलेलं रबर फुगतं, मऊ पडतं, मग इन्सुलेशन जातं. तेल दिसलं तर आधी टॅपेट कव्हरचं गॅस्केट आणि ते चार सील बदला, खड्डे कोरड्या कपड्याने पुसून घ्या, मगच नवीन वायर. नाहीतर महागातला सेटसुद्धा वर्षभरात तसाच होईल. सीलचा खर्च वायरच्या मानाने किरकोळ आहे, पण तो लोक टाळतात कारण कव्हर उघडायला वेळ जातो.

आपल्या भागाचा मुद्दा यात मोठा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या वर जातो, त्यात घाट चढून गाडी वर चहाला थांबवली की बॉनेटखाली हवा फिरायची थांबते आणि गाडी चालत असताना होती त्यापेक्षा उष्णता वाढते. साधं रबर अशा दोनतीन उन्हाळ्यांत कडक होतं, वाकवलं की बारीक तडे दिसतात. चांगलं सिलिकॉन दोनशे डिग्रीच्या आसपास तग धरतं, म्हणून आपल्याकडे सिलिकॉनच हवं, यात काटकसर करू नका. मग चार महिन्यांची धूळ वायरवर बसलेली असते, कापसाच्या आणि केळीच्या पट्ट्यात शेतरस्त्यावर गाडी जात असेल तर विचारूच नका, आणि मृगाचा पहिला पाऊस आला की हवेतली ओल त्या धुळीत शिरते आणि धूळच करंट वाहायला लागते. तुमची पावसातली सकाळची थरथर तिथून येते. इंजिन गरम झालं की ओल उडते आणि थरथर थांबते, म्हणून मेकॅनिककडे नेईपर्यंत गाडी एकदम चांगली. मळ्यात गाडी लावत असाल तर उंदरांचंही बघा, त्यांना हे रबर कुरतडायला आवडतं आणि नेमके खालच्या बाजूने कुरतडतात जिथे नजर जात नाही.

पैसे खर्च करायच्या आधी तपासणी करा, घरी होण्यासारखी आहे. रात्री, पूर्ण अंधारात, बॉनेट उघडून गाडी चालू ठेवा आणि स्प्रेच्या बाटलीने वायरवर पाण्याचा हलका फवारा मारा, धार नाही, फवारा. करंट लीक असेल तर वायरपासून टॅपेट कव्हरपर्यंत किंवा क्लिपच्या पट्टीपर्यंत निळा धागा नाचताना दिसेल, टकटक आवाजही येतो. हात अजिबात लावू नका, पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब उभे राहा, आणि ज्याला पेसमेकर आहे त्याला जवळ येऊ देऊ नका. फवारा मारला आणि इंजिनचा आवाज बदलला तर तेवढंही उत्तर पुरेसं आहे.

दुसरी तपासणी मल्टिमीटरची. इंजिन बंद आणि थंड, एक एक वायर काढून दोन टोकांमध्ये ओहम मोजा. मीटर 20 के च्या स्केलवर ठेवाल तर चांगली वायरसुद्धा कधीकधी ओपन दाखवेल, म्हणून 200 के वर ठेवा. होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या प्रकारच्या इंजिनांना एका वायरला जास्तीत जास्त 25 किलोओहम, 20 डिग्रीला, असं दिलेलं असतं. लांब वायरचा आकडा जास्त, आखूडचा कमी, हे साहजिक आहे, पण आखूड वायर लांब वायरपेक्षा जास्त दाखवत असेल तर ती आतून तुटत आलीय. मोजताना वायर हळूहळू वाकवा, आकडा उड्या मारायला लागला की ती गेली. पण एक लक्षात ठेवा, मीटर फक्त तार तपासतं, रबर नाही. चारही आकडे उत्तम आले म्हणून वायर चांगल्या असं होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत आकडे बरोबर असतात आणि लीक बुटात असतो.

हे सगळं करताना डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडाच. आत चार टर्मिनलवर पांढरी-हिरवी राख बसलीय का, मधलं कार्बनचं टोक झिजलंय का, कॅपला केसासारखी चीर आहे का, रोटरचं, म्हणजे कॅपच्या आत फिरणाऱ्या तुकड्याचं, टोक जळलंय का. तुमची लक्षणं, म्हणजे लोडला मिसिंग आणि ओलीत त्रास, खराब कॅपचीही तीच असतात. मी तर वायर बदलताना कॅप आणि रोटर सोबतच बदलायला सांगतो, कारण वयाने ते तिघं सारखेच असतात आणि काम एकदाच होतं. कॅप, रोटर, वायर, सील सगळं चांगलं निघालं आणि तरी घाटात मिसिंग राहिलं, तर मग कॉइल, इग्नायटर (कॉइलचा इलेक्ट्रॉनिक स्विच), पेट्रोल फिल्टर, पंपाचं प्रेशर हा पुढचा शोध, आणि तो वायर विकत घेऊन सुटणार नाही.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो, कारण तुम्ही गाडीत काय काय बदललंय ते लिहिलेलं नाही. एलपीजी किंवा सीएनजी किट असेल तर गॅसवर ठिणगी टाकायला व्होल्टेज जास्त लागतं, त्यामुळे वायर आणि कॅप लवकर थकतात, अशा गाडीला वाइंडिंगची सिलिकॉन वायरच घ्या आणि प्लगचा गॅप किटवाल्याने सांगितल्याप्रमाणे कमी करा. प्लगच्या नंबरच्या शेवटी 11 असेल तर तो 1.1 एमएम गॅपवर येतो, गॅसवर एवढा गॅप आधीच थकलेल्या वायरला जड जातो. कोणी टर्बो बसवला असेल, कंप्रेशन वाढवलं असेल किंवा बाहेरचा इग्निशन बॉक्स लावला असेल तर मग 8 किंवा 8.5 एमएमच्या वाइंडिंग वायरचा विचार करण्यात अर्थ आहे, तोसुद्धा इंजिनच्या मापाच्या बुटांसकट. फिल्टर आणि सायलेन्सर बदललेल्या गाडीला याची गरज नसते.

खरेदी करताना नुसतं होंडा सिटी म्हणू नका. 2003 च्या शेवटी जी नवीन सिटी आली तिच्या इंजिनात आठ प्लग आणि प्लगवरच कॉइल, तिला वायरच नाहीत, आणि आधीच्या पिढीतही 1.3, 1.5 आणि व्हीटेक असे प्रकार होते. चासी नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या आणि जुना सेट सोबत न्या. दुकानात काउंटरवर चारही वायर जुन्यांशेजारी ठेवून लांबी जुळवा, बुटाची लांबी जुळवा, वरचं झाकण जुळवा. आखूड असेल तर ताणली जाऊन टर्मिनल सुटतं, लांब असेल तर लोंबून एक्झॉस्ट मॅनिफोल्डला टेकते. कॉइल डिस्ट्रिब्युटरच्या आत असेल तर चार वायर लागतात, बाहेर असेल तर पाचवी मधली वायरही लागते, ती सेटमध्ये आहे का बघा. वायर बोटांत वाकवून सोडा, सिलिकॉन लगेच सरळ होतं आणि हाताला मऊ लागतं. बुटात डोकावून टर्मिनल बघा, स्टीलचं स्प्रिंगवालं, तारेवर नीट दाबून बसवलेलं हवं. वायरवर छापलेलं असतं, ब्रँड, जात, कधीकधी महिना-वर्षसुद्धा. खोक्यावर छान छपाई आणि वायरवर काहीच नाही, असा माल परत द्या. डुप्लिकेट फार आलाय, आणि तो ओळखायची ही सगळ्यात सोपी जागा आहे. जुन्या गाडीचा सेट दुकानात सात-आठ वर्षं पडून राहिलेलाही असू शकतो, रबर पाकिटातही म्हातारं होतं, त्यामुळे वाकवून बघणं सोडू नका.

कंपनीचा सेट परवडत नसेल तर दुसऱ्या नंबरला चांगल्या ब्रँडचा याच इंजिनचा सेट, तो बऱ्याचदा कंपनीच्या मालापेक्षा स्वस्त पडतो आणि कामाला उणा नसतो. तोही आत्ता मिळत नसेल तर थोडं थांबा, मागवा, तोवर घाटात जोर देऊ नका. मिसिंग असताना तसंच दाबत राहिलात तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, जाऊन तिथे पेटतं आणि कॅट आतून वितळतं, ती किंमत वायरच्या कितीतरी पट आहे. आणि कोणी मेकॅनिक चालू गाडीत एक एक वायर उपसून हवेत धरून कुठलं सिलिंडर मरतंय ते बघायला लागला तर त्याला थांबवा. ठिणगीला वाट मिळाली नाही की कॉइलचं व्होल्टेज शेवटपर्यंत चढतं आणि कॉइल आतून फुटते, इग्नायटरही जातो. जुन्या पॉइंटच्या गाड्यांत हे खपून जायचं, यात नाही.

आयकॉन 1.6 किंवा पालिओवाले कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडक्यात, वरचं सगळं तुम्हालाही लागू आहे, फक्त तुमच्याकडे डिस्ट्रिब्युटरऐवजी कॉइल पॅक आहे. आयकॉनमध्ये एक कॉइल दोन प्लगना एकाच वेळी करंट देते, म्हणजे करंट एका वायरने जाऊन दुसऱ्या वायरने परत येतो, त्यामुळे एक वायर तुटली तरी दोन सिलिंडर गडबडू शकतात. तिथे एकच वायर बदलून बघण्यात वेळ घालवू नका, चारही बदला.

बसवताना इंजिन थंड असू द्या. गरम इंजिनातून बूट ओढला की तो तुटून अर्धा नळीत राहतो. बूट आधी थोडा गोल फिरवा, मग बुटालाच धरून वर ओढा, वायरला धरून नाही. काढायच्या आधी नळीभोवतीची धूळ हवेने उडवून घ्या, नाहीतर प्लग काढताना कचरा थेट सिलिंडरमध्ये. एका वेळी एकच वायर काढून तिच्या जागी नवीन लावा, म्हणजे फायरिंग ऑर्डर चुकत नाही, आणि तरी आधी मोबाइलने फोटो काढून ठेवा. बुटाच्या तोंडाशी आतून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवा, मटाराएवढं पुरे, त्याने ओल आत जात नाही आणि पुढच्या वेळी बूट चिकटत नाही. टर्मिनलमध्ये कोंबू नका, आणि व्हीलला लावायचं पिवळं ग्रीस चुकूनही वापरू नका, त्याने रबर फुगतं. प्लगवर बूट दाबताना टक्क असं जाणवलं पाहिजे, नाही जाणवलं तर काढून परत दाबा. वरचं झाकण नळीवर गोल फिरवून बसवा. शेवटी सगळ्या वायर कंपनीच्या क्लिपमधूनच न्या, 3 आणि 4 मध्ये अंतर राहील असं बघा, जुन्या क्लिप तुटल्या असतील तर त्याही मागवा. आणि यापुढे इंजिन धुवायला गाडी देताना प्रेशरच्या पाण्याची बंदूक टॅपेट कव्हरवर मारू देऊ नका, ओल्या कापडाने पुसून घेतलं तरी बास आहे.

आता तुम्ही एवढं करा. आज रात्री फवारा मारून बघा, उद्या सकाळी थंड इंजिनवर चार वायरचे आकडे घ्या, प्लग काढून काळी रेघ आणि खड्ड्यात तेल आहे का बघा, कॅप उघडून आतला फोटो काढा. गॅस किट आहे की नाही तेही लिहा. हे सगळं इथे टाकलंत की सेट मागवायचा, का आधी टॅपेट कव्हर उघडायचं, ते मी नक्की सांगतो. तोवर त्या लाल सेटचे पैसे भरू नका.